येतो म्हणायचं नाही

नलिनीताई वैद्यांचं पत्र आलं त्याला या पावसाळ्यात अकरा वर्षं होतील. निळं आंतर्देशीय पत्र, बारीक उभट अक्षर, वर मधोमध 'श्री'. मी ते दारात उभ्यानेच वाचलं, घरात येऊन शब्दकोशात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. लिहायला बसलोच नाही असं नाही. सात-आठ वेळा बसलो असेन. 'सप्रेम नमस्कार' याच्या पुढे एकदाही गेलो नाही.

पत्र लहानच होतं. त्यातला मजकूर मला पाठ आहे.

"माझ्या आईला तुम्ही स्वतःच्या हातांनी आंघोळ घातलीत हे वर्तमानपत्राच्या कात्रणावरून समजलं. तुम्ही फोनवर शब्द दिलात आणि तो पाळलात. तुमचे उपकार मी कशानेही फेडू शकत नाही. एकच विचारायचं आहे. तिच्या पाठीला काही झालं होतं का? भाऊ म्हणतात, फुलासारखी गेली. तुम्ही पाहिलं आहे, म्हणून तुम्हाला विचारते. जे असेल ते खरं कळवा. आणि एकदा बडोद्याला आमच्या घरी या."

आमच्या घरी या. हे वाक्य मी तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्यासारख्याला असं कुणी लिहीत नाही.

आम्ही बुरूड. बांबूचं काम. माझी बायको चंद्रा सुपं, टोपल्या आणि लग्नाच्या रोवळ्या विणायची आणि मी वडिलांच्या मागे तिरडीचं सामान ठेवत होतो. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, काथ्या, कडबा, मडकं, पांढरं कापड, गुलाल, बुक्का, कापूर. निरोप आला की सामान घेऊन जायचं, बांधून द्यायचं, बाजूला उभं राहायचं. घराला दोन दारं होती. पुढच्या दारात चंद्राची सुपं टांगलेली असत. मागच्या दाराने माझं येणंजाणं. माझे बांबू मागच्या भिंतीला, तिचे पुढच्या पडवीत. दोन्हींची कधी गाठ पडायची नाही. तरी लग्नघरच्या बायका रोवळी हातात घेऊन विचारायच्याच, "हा बांबू वेगळा आहे ना, चंद्राबाई?" आणि ती दर वेळी शांतपणे सांगायची की वेगळा आहे.

मी परतलो की मागच्या दारात पाण्याची बादली भरलेली असे. अंगावरचे कपडे तिथेच उतरवायचे, आंघोळ करायची, मगच आत यायचं. माझे ते कपडे ती काठीने उचलून वेगळे भिजवायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी यात एकदाही खंड पडला नाही. तिला माझी किळस येते असं मी समजत होतो. तिला ते कधी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारायचा माझा स्वभाव नाही.

लोक आमच्याबद्दल काय काय समजतात ते मला ठाऊक आहे. चहाच्या टपरीवर बसलो की कुणीतरी म्हणायचंच, "अण्णा, माझ्याकडे असं मापं घेतल्यासारखं बघू नका." साथ आली की धंदा बरा असेल म्हणायचे. या माणसाला वास येत नाही, घेतल्याशिवाय हे काम होत नाही, याच्या डोळ्यांतलं पाणी आटलेलं असतं. मी आयुष्यात दारू प्यायलो नाही. मागच्या ओट्यावर बसून वाचनालयातली पुस्तकं वाचायचो. पण हे सांगणार कुणाला? शेवटी लोक म्हणतात तसंच असेल असं मलाही वाटू लागलं होतं. आपल्याला सवय झाली आहे, आता आपल्याला काही होत नाही. हा गैरसमज माझाच.

वडिलांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नाही. उठायचं आणि चालू लागायचं. आणि आपल्याकडून सामान नेणाऱ्याला 'या' म्हणायचं नाही. दुसरीकडे माणसं हे शब्द दिवसातून शंभर वेळा बोलतात. आमच्या तोंडून मात्र ते सुटता कामा नयेत.

आता त्या दिवसाचं सांगतो.

एप्रिल महिना होता. सकाळी सातला रमाकांत पाटणकरांचा फोन आला. त्यांचे शिकवणीचे वर्ग होते, वाचनालयाचे ते अध्यक्ष. गावात मान होता. आई पहाटे गेली, म्हणाले. गुरुजी दहाला येणार आहेत, अकराच्या आत निघायला हवं.

त्यांची आई म्हणजे पाटणकर बाई. मला तिसरीत त्या शिकवायला होत्या. 'माझे वडील' असा निबंध होता. मी लिहिलं, माझे वडील तीरड्या बांधतात. मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा निबंध उभं राहून सगळ्या वर्गाला वाचून दाखवला, मग लाल शाईने 'ती'ची 'ति' केली आणि म्हणाल्या, "बाकी सगळं बरोबर आहे." दहापैकी सात दिले. मला वाचायची गोडी लागली ती तेव्हापासून.

बंगल्यावर पोचलो तेव्हा मागच्या फाटकाशी रमाकांत फोनवर कुणालातरी फ्लेक्सचा मजकूर सांगत होते. 'मातृवत्सल' लिहायचं की 'वात्सल्यमूर्ती', यावर धाकटे शशिकांत आणि ते यांचं एकमत होत नव्हतं. मला पाहून त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. मी जास्वंदीच्या कुंडीशी थांबलो. 'वात्सल्यमूर्ती' ठरलं. फोटो जरा उजळ करून घ्या म्हणाले, जुना आहे.

मग मला बाजूला घेतलं. बहीण बडोद्याहून निघाली आहे, संध्याकाळपर्यंत पोचेल, तोवर थांबा म्हणते आहे. आमचं ती ऐकत नाही.

"तुम्ही सांगा अण्णा. तुमचं ऐकेल. तुमच्या धंद्यातली गोष्ट आहे."

"मी काय सांगणार?"

"उन्हाळा आहे, थांबता येत नाही, एवढंच सांगा. खोटं थोडंच आहे?"

आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला. लोकांना वाटतं, किती वेळ ठेवायचं, कधी उचलायचं, हे आम्ही ठरवतो. आम्ही काहीच ठरवत नाही. चार लाद्या बर्फ आणला असता तर बाई संध्याकाळपर्यंत राहिल्या असत्या, हे मला माहीत होतं. बर्फाचा कारखाना दोन गल्ल्या सोडून होता.

"कोण बोलतंय?" पलीकडून बाईंचाच आवाज आला. तसाच, फक्त थकलेला.

"मी श्रीपती सूर्यवंशी. सामान आमच्याकडून येतं."

"दादा म्हणतो थांबवता येणार नाही. खरंच नाही?"

रमाकांत समोर उभे होते. माझ्याकडे पाहत हळूहळू मान हलवत होते, वर्गात मुलाला उत्तर सुचवावं तसे.

"ताई, ऊन फार आहे," मी म्हणालो.

पलीकडून गाडीचा आवाज ऐकू येत होता.

"तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असेल. तुम्हाला त्यातलं कळतं. आईला आंघोळ कोण घालणार आहे?"

"घरच्या बायकाच घालतात, ताई."

"वहिन्या घालायच्या नाहीत. तुम्ही बघाल? कोमट पाणी घ्या. गार पाणी तिला सोसत नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज बदलला. मला तिसरीचा वर्ग आठवला, लाल शाई आठवली. मी म्हणालो, "हो ताई. मी स्वतः घालतो. काळजी करू नका."

एवढा सरळ शब्द मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

मागच्या अंगणात मी तिरडी बांधली. कापूस कमी पडेल असं वाटलं म्हणून घरी फोन करून चंद्राला सांगितलं, कुणाबरोबर तरी कापसाचा गठ्ठा पाठव. साडेनऊ झाले तरी आंघोळीचं कुणी नाव काढीना. थोरल्या सूनबाई शैलावहिनी आणि धाकट्या मीनलवहिनी स्वयंपाकघराच्या दारात नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. रुमालाला अत्तर होतं. आत उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवलेला होता.

मी विचारलं, पाणी तापवलंय का.

शैलावहिनी म्हणाल्या, "ते तुमच्याकडेच असतं ना? सगळं तुम्हीच करता, असं हे म्हणाले."

मी सांगितलं की मी सामान देतो आणि बांधतो. बाईमाणसाला आंघोळ घरच्या बायका घालतात, अशी रीत आहे.

"मला बीपी आहे," शैलावहिनी म्हणाल्या.

"आणि मला हे असलं बघवत नाही," मीनलवहिनी म्हणाल्या. "तुम्हाला काय अण्णा, रोजचंच आहे."

रागावून म्हणाल्या असं नाही. सहज म्हणाल्या. सुताराला म्हणावं, रंधा तुम्हीच मारा, तसं.

मी शब्द दिला होता. मी बाह्या सारून आत गेलो.

ती खोली घरातली नव्हतीच. मोटारीच्या शेडला लागून, पत्र्याची, पूर्वी सायकली ठेवायची. पंखा होता, तो बंद होता. खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. कोपऱ्यात ताटली होती, तिच्यात भात वाळून तांदळासारखा झाला होता. बाई एका कुशीवर होत्या, भिंतीकडे तोंड करून. अंगावर गोधडी. ती कुणीतरी मानेपर्यंत नीट ओढून ठेवली होती. पाहुण्यांसाठी.

मी गोधडी काढली. त्यांना सरळ करायला पाठीखाली हात घातला. चादर पाठीला चिकटली होती. ती सुटता सुटता तिच्याबरोबर आणखी काही सुटलं. आणि जे उघडं पडलं ते एका जागी थांबलेलं नव्हतं. हलत होतं.

यापुढचं वर्णन मी करत नाही. मी पूर आलेला पाहिला आहे, अपघात पाहिलेत, विहिरीतून काढलेली माणसं बांधली आहेत. त्यातलं कुठलंच असं नव्हतं. ती माणसं मेली होती आणि मग त्यांचं तसं झालं होतं. इथे आधी झालं होतं, आणि कित्येक दिवस होत राहिलं होतं, वीस पावलांवर ही माणसं चहा घेत होती, वर्ग चालवत होती.

मी हात काढून घेतला. बाई परत तशाच, पहिल्यासारख्या भिंतीकडे कलल्या. मी बाहेर आलो आणि जास्वंदीच्या कुंडीत ओकलो.

मीनलवहिनी बघत होत्या. रुमाल बाजूला करून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "तुम्हालाही होतं?"

मी नळाशी जाऊन तोंड धुतलं. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. आता परत आत जायचं, असं मी स्वतःला सांगत होतो. पाय उचलत नव्हते. फोनवरचा शब्द आठवत होता, तरी उचलत नव्हते. बाईंची किळस मला आलेली नव्हती, मुलांची आली होती, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला पटवत आलो. ते अर्धंच खरं आहे. मला बाईंचीही आली. ज्या बाईंनी माझा निबंध वाचून दाखवला त्यांच्या पाठीची मला किळस आली, आणि मी त्यांना टाकून बाहेर आलो. त्या सुनांनी तरी शब्द दिला नव्हता.

मागचं फाटक वाजलं. चंद्रा आली होती. हातात कापसाचा गठ्ठा आणि निलगिरीची बाटली. पाठवायला कुणी मिळालं नाही म्हणून स्वतःच आली होती. मयताच्या घरी ती कधी येत नसे. तिने माझ्याकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, रुमाल धरलेल्या दोघींकडे पाहिलं.

"काय झालं?"

"मला जमत नाही," मी म्हणालो.

ती शेडच्या दारापर्यंत गेली, आत डोकावली आणि परत आली. पदर खोचला. शैलावहिनींना म्हणाली, "दोन बादल्या पाणी तापवा. कडकडीत नको. आणि मऊ धुतलेलं जुनं लुगडं द्या एखादं, त्यांचंच. मग तुम्ही दोघी पुढे जाऊन बसा. मी हाक मारेपर्यंत इकडे कुणी यायचं नाही."

एवढं तिला कुणाशी बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्या दोघींनी मुकाट्याने पाणी तापवून दिलं आणि पुढे निघून गेल्या. चंद्राने दार लावून घेतलं. मी पायरीवर बसलो.

दाराला फट होती. मी आत पाहिलं नाही. पण ऐकू येत होतं. आधी पाण्याचा आवाज, कापूस पिळल्याचा आवाज. मग तिचा आवाज. मला वाटलं मला काही सांगते आहे, म्हणून मी कान दिला. ती बाईंशी बोलत होती.

"जरा कूस बदला हं बाई. झालंच. हे दुखलं असेल, सावकाश करते. पाणी बरं आहे ना? आता केस घेऊ या. केवढे मऊ केस हो तुमचे."

पाऊण तास ती अशी बोलत होती. मधेच थांबायची, जणू उत्तर ऐकते आहे. मी पायरीवर बसून ओल्या बाह्यांकडे बघत होतो.

साडेदहाला रमाकांत मागे आले. बंद दार, मी पायरीवर, बाह्या भिजलेल्या. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अण्णा, तुम्ही स्वतः केलंत," म्हणाले. "हे आम्ही कधी विसरणार नाही."

मी तोंड उघडलं होतं. काहीतरी म्हणणारही होतो. तेवढ्यात त्यांना पुढून हाक आली आणि ते गेले.

चंद्राने दार उघडलं. खोलीत निलगिरीचा वास होता. बाई उताण्या, स्वच्छ, केस विंचरलेले, अंगाभोवती स्वतःचं मऊ लुगडं. चादर आणि गोधडी गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. चंद्राचे ओठ पांढरे पडले होते.

"हाड दिसत होतं हो," ती हळू म्हणाली. "मी कापसाने भरून घेतलंय. उचलताना डाव्या बाजूने धरायला सांगा."

मग फाटकाशी थांबून म्हणाली, "मी केलं म्हणून सांगू नका कुठे. वैशाखात तीन लग्नांच्या रोवळ्या आहेत माझ्याकडे. या हातांच्या कुणी घ्यायच्या नाहीत."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. इतक्या लगेच की ते मला आजही ऐकू येतं.

दुपारी घाटावरून परतलो तेव्हा ती मागच्या दारात, माझ्या जागेवर, उन्हात बसली होती. आत गेली नव्हती. "पाणी काढा माझ्यासाठी," म्हणाली. मी हौदातून बादली भरून तिच्यापुढे ठेवली. तिने हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. तेच पाणी तिने अंगावर घेतलं, तेव्हा तिच्या खांद्यांवर काटा आलेला दिसला आणि मला कळलं. अठ्ठावीस वर्षं माझ्यासाठी ठेवलेली बादली कधीही गार नव्हती. श्रावणात नाही, थंडीत नाही. मी कधीही येवो, पाणी कोमट असायचं. मी ते विटाळाचं पाणी समजत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी पत्राचं उत्तर दिलं असतं.

जूनमध्ये वाचनालयाचा वर्धापनदिन होता. रमाकांतांनी माझा सत्कार ठेवला. मी नको म्हणालो. खरंच म्हणालो की म्हणायचं म्हणून, ते आता सांगता येत नाही. तीस वर्षं ज्या वाचनालयात मी पुस्तक घेऊन भिंतीकडेने निघून जात होतो, तिथल्या व्यासपीठावर मला खुर्ची होती. शाल, श्रीफळ. शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. रमाकांत बोलले. आईला आम्ही शेवटपर्यंत फुलासारखं जपलं, म्हणाले, आणि अखेरची सेवा या निःस्वार्थ माणसाने केली, पोटच्या मुलासारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टपरीवर मापांचा विनोद करणारेही वाजवत होते, आणि खरं ठाऊक असलेल्या दोघी सुनाही; ते सांगितलं असतं तर आपण का घातली नाही हेही त्यांना सांगावं लागलं असतं. चंद्रा चौथ्या रांगेत बायकांत बसली होती, हात मांडीवर ठेवून.

मी चार दिवस खपून भाषण लिहिलं होतं. ते वाचलं. त्यात एक वाक्य होतं: "पाटणकर कुटुंबीयांनी मला ही सेवेची संधी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे." हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि माईकसमोर मोठ्याने वाचलं.

खाली उतरल्यावर रमाकांत म्हणाले, "या अण्णा एकदा घरी, चहाला."

आणि मी म्हणालो, "येतो."

साठी उलटल्यावर पहिल्यांदा हा शब्द मी एखाद्या प्रतिष्ठिताला, त्याच्या घराबद्दल, चारचौघांत म्हणालो. छाती भरून आली होती. त्या घरातली ती पत्र्याची खोली मला तेव्हा आठवलीसुद्धा नाही. आता तो क्षण आठवला की तोंडात तीच चव येते, जी त्या कुंडीपाशी होती.

घरी येताना चंद्रा म्हणाली, "भाषण चांगलं झालं. 'कुटुंबीयांनी'पाशी जरा अडखळलात." त्याविषयी ती पुन्हा कधी बोलली नाही.

त्या भाषणाची बातमी गावच्या साप्ताहिकात आली. कात्रण बडोद्याला गेलं, आणि नलिनीताईंचं पत्र आलं. मी ते चंद्राला दाखवलं. तिने दोनदा वाचलं.

"उत्तर द्या."

"काय देऊ?"

"विचारलंय ते. पाठीचं."

"आणि आंघोळीचं?"

तिने थोडा विचार केला. "माझं नाव लिहू नका. तुमचंही लिहू नका. पाठीचं तेवढं लिहा. त्यांची आई आहे, त्यांना कळायला हवं."

मी म्हणालो, लिहितो. लिहिलं नाही. पाठीचं खरं लिहायचं म्हणजे भावांचं लिहायचं, आणि भावांचं लिहायला मी कोण? मी तर त्यांची शाल घेतली होती. आणि बाईंच्या मुलीने विश्वास ठेवून मानलेले उपकार परत करायला मला जड जात होतं. आम्हाला लोक वाईट समजतात ते सोसायची सवय असते. चांगलं समजले की काय करायचं ते मला माहीत नव्हतं. चंद्रा अधूनमधून विचारायची, "दिलंत का?" दोन वर्षांनी विचारायचं थांबली.

गेल्या कार्तिकात चंद्रा गेली. गुडघ्यांच्या दुखण्याने विणकाम आधीच सुटलं होतं. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. गल्लीतल्या तिघी बायका आल्या, दारात उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "अण्णा, तुम्ही बाहेर बसा. आम्ही आहोत."

मी नाही म्हणालो. दार लावून घेतलं. पाणी तापवलं, हात घालून पाहिलं, जास्त झालं म्हणून गार मिसळलं, मग कमी वाटलं म्हणून पुन्हा तापवलं. बराच वेळ गेला त्यात. मला नीट जमलं की नाही माहीत नाही. केसांतलं पाणी तिच्या कानात गेलं असावं. पण पाठ पुसताना मी म्हणालो, "जरा कूस बदल चंद्रा. झालंच." मोठ्याने म्हणालो. बाहेरच्या बायकांनी ऐकलं असणार.

त्यानंतर पाच महिने मी शब्दकोश उघडला नाही. काल उघडला. आंतर्देशीय पत्र आणलं, वर 'श्री' लिहिलं. मयताचं पत्र असलं तर 'श्री' लिहीत नाहीत, पण हे मयताचं नाही असं मी ठरवलं.

"सौ. नलिनीताई वैद्य यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राच्या उत्तराला अकरा वर्षं उशीर केला. आपण आहात की नाही, पत्ता तोच आहे की नाही, तेही माहीत नाही.

आपल्या आईंच्या पाठीला झालं होतं. मोठी जखम होती, बऱ्याच दिवसांची, हाडापर्यंत. त्यांना बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं. आपण येईपर्यंत थांबता आलं असतं. बर्फ मिळत होता. मी आपल्याला फोनवर खोटं सांगितलं.

आईंना आंघोळ मी घातली नाही. मी आत गेलो आणि मला ते सहन झालं नाही. मी शब्द मोडला. आंघोळ माझी पत्नी चंद्राबाई हिने घातली. पाणी कोमट होतं. ती सगळा वेळ आईंशी बोलत होती. दुखेल म्हणून सावकाश करते, म्हणाली. त्यांचे केस मऊ आहेत असं म्हणाली. हे मी दाराबाहेर बसून ऐकलं, म्हणून खात्रीने लिहितो. नाव सांगू नका अशी तिची इच्छा होती. आता ती नाही. तिची इच्छा मोडतो आहे, ते बरोबर की चूक हे मला ठरवता येत नाही.

सत्काराच्या वेळी मी हे बोलायला हवं होतं.

आपला, श्रीपती सूर्यवंशी"

पत्र चिकटवलं. रात्रभर टेबलावर होतं. आज सकाळी एसटी स्टँडजवळच्या पेटीपाशी जाऊन उभा राहिलो. पेटी अजून उघडतात की नाही अशी शंका आली, म्हणून शेजारच्या फुलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "साडेअकराला येतो की पोस्टमन. टाका बिनधास्त."

मी खिशातलं पेन काढलं. पत्राच्या मागे, पाठवणाऱ्याच्या पत्त्याखाली, बोटभर जागा उरली होती. तिथे लिहिलं, "हे वाचूनही बोलावलंत, तर येतो."

आणि पत्र पेटीत टाकलं.